पिंजऱ्याचा अर्ज

बोरिवली पूर्वेस, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला लागून असलेल्या ज्या इमारतीत गेली बावीस वर्षे माझे वास्तव्य आहे, तिच्या तिसऱ्या मजल्यावर, माझ्या धाकट्या भावाच्या घरी, दर शनिवारी संध्याकाळी पाच तरुण मुले-मुली जेवणाच्या टेबलाभोवती जमतात आणि रात्री अकरा-साडेअकरापर्यंत आर्थर राजाच्या शिलेदारांचा एक खेळ खेळत बसतात. 'शिलेदार' हा शब्द माझा. मुले आपली 'नाइट' असेच म्हणतात. परंतु स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारे आणि स्वतःचा मान घेऊन धन्याच्या चाकरीस उभा राहणारा, सरकारी घोड्यावर बसणाऱ्या बारगिराहून ज्याची प्रतिष्ठा निराळी मानली जाई असा जो स्वार मराठेशाहीत होता, त्याच्याइतका जवळचा शब्द मला दुसरा सुचत नाही. प्रारंभी मी दाराशी उभी राहून ऐकत असे. पुढे खुर्ची ओढून बसू लागले. आणि आपल्या उपनगरांत बिबट्या दिसला रे दिसला की पिंजऱ्याची मागणी करण्याची जी रीत पडून गेली आहे, तिच्यात काय चुकते आहे हे मला त्या टेबलापाशी बसल्यानेच प्रथम नीट कळले.

खेळाचे नाव 'किंग आर्थर पेंड्रॅगन'. अमेरिकेतील ग्रेग स्टॅफर्ड यांनी तो १९८५ साली प्रसिद्ध केला. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो; बाकीचे आपापल्या शिलेदाराच्या मुखाने बोलतात, निर्णय घेतात, आणि निर्णयाचे फळ अनिश्चित असेल तेथे वीस बाजूंचा फासा टाकतात. इतपत कोणत्याही कथाखेळात असते. या खेळाची खुबी अशी की, प्रत्येक शिलेदाराच्या कागदावर गुणदोषांच्या तेरा जोड्या मांडलेल्या असतात: शौर्य आणि भीरुता, दया आणि क्रौर्य, विवेक आणि अविचार, विनय आणि गर्व, आणि प्रत्येक जोडीची बेरीज वीसच असावी लागते. क्रौर्य एका अंशाने वाढले तर दया तेवढ्याच अंशाने घटते. माझ्या पुतणीच्या कागदावर दयेपुढे १३ आणि क्रौर्यापुढे ७ असे आकडे पेन्सिलीने लिहिलेले मी पाहिले, आणि १३ च्या खाली आधीचा १२ खोडरबराने पुसल्याची खूणही दिसत होती. हा एक अंश तिला मागच्या हिवाळ्यात मिळाला, असे तिने सांगितले. कारण खेळातील प्रत्येक वर्षाच्या अखेरीस हिवाळा येतो, आणि त्या मुदतीत जहागिरीचा हिशेब होतो, वय वाढते, मुले जन्मतात, आणि वर्षभरातील आचरणाने माणूस किती बदलला याची नोंद होते.

गेले काही महिने ही मुले एका श्वापदाच्या मागावर आहेत. हे श्वापद सूत्रधाराच्या कल्पनेतले नव्हे. १४८५ साली विल्यम कॅक्स्टनने छापलेल्या टॉमस मॅलरीच्या आर्थरकथांमध्ये ते आहे. त्याचे मस्तक सर्पाचे, धड बिबट्याचे, पुठ्ठे सिंहाचे आणि खूर हरणाचे. आणि त्याच्या उदरातून, शिकारी कुत्र्यांच्या तीस जोड्या एकाच वेळी भुंकाव्यात तसा घोष सतत उठत असतो. 'क्वेस्टिंग बीस्ट' हे त्याचे नाव शिकारी कुत्र्यांच्या भुंकण्यासाठी असलेल्या जुन्या शब्दावरूनच पडले आहे. केवळ पाणी पिताना तेवढा तो घोष थांबतो. पेलिनोर नावाचा राजा आयुष्यभर या श्वापदाच्या मागे फिरला, आणि त्याच्यामागून ते व्रत पॅलॉमिडीझ या शिलेदाराने घेतले.

धड बिबट्याचे आणि पोटात कुत्री! पुतणीने हे वर्णन मला वाचून दाखवले त्या क्षणी माझी दृष्टी आपोआप खिडकीकडे गेली. आमच्या कुंपणापलीकडे जो प्राणी राहतो त्याचे याहून यथातथ्य वर्णन पाचशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज कसे करू शकला, याचे मला आजही नवल वाटते. उद्यानाच्या कडेकडेने राहणाऱ्या बिबट्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा फार मोठा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात असा अंदाज मांडला होता की, हे बिबटे वर्षाकाठी सुमारे दीड हजार कुत्री खातात आणि त्यायोगे माणसांना होणारे सुमारे हजार श्वानदंश टळतात. कुत्री कशावर जगतात? आपल्या कचऱ्यावर. मॅलरीच्या श्वापदाचे उदर का भुंकते याचे कारण पुस्तकात सांगितले असेल ते असो. आमच्या श्वापदाचे उदर भुंकते ते आमच्या उष्ट्यावर पोसलेल्या कुत्र्यांमुळे.

त्यानंतरच्या मंगळवारी आमच्या इमारतीच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला. रात्रीचे दोन वाजून चाळीस मिनिटे झाली होती. मागच्या भिंतीवरून तो उतरला, कचऱ्याच्या डब्यांपाशी क्षणभर थांबला, सायकलींच्या रांगेपाशी मान वळवून त्याने वर पाहिले, आणि ज्या वाटेने आला त्याच वाटेने निघून गेला. हे सारे एकोणीस सेकंदांत झाले. रविवारी सभा भरली. लहान मुलांच्या आयांच्या चेहऱ्यांवर जी भीती होती ती खरी होती, आणि तिला नावे ठेवण्याचा अधिकार मला पोहोचत नाही. वनखात्याने तत्काळ पिंजरा लावून सदर जनावर जेरबंद करावे, अशा आशयाचा अर्ज लिहिला गेला, आणि त्यावर अकराव्या क्रमांकाला मी सही केली. ती सही करायला नको होती, असे आज माझे मत आहे. ते का, हेच सांगण्यासाठी हा लेख.

पिंजऱ्याने काय होते याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे, आणि त्याची किंमत माणसांच्या जिवांनी मोजलेली आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागातील उसाच्या पट्ट्यात शंभराहून अधिक बिबटे पकडण्यात आले आणि त्यांतील पुष्कळसे दूरच्या रानांत नेऊन सोडण्यात आले. हेतू उत्तम होता. परिणाम असा झाला की, जेथे वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत तेथे ते सतरापर्यंत गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब २०११ साली मांडला. बाहेर पकडलेले बिबटे याच सुमारास आमच्या उद्यानातही आणून सोडले जात होते, आणि जून २००४ या एका महिन्यात उद्यानाच्या परिसरात दहा माणसे बिबट्यांच्या हल्ल्यांत मृत्युमुखी पडली. याचे कारण समजण्यास कठीण नाही. प्रत्येक प्रौढ बिबट्याचा एक मुलूख असतो. त्यातील वाटा, पाणवठे, माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा त्याला पाठ असतात, आणि माणसाला टाळून कसे जगावे हे तो त्या मुलखातच शिकलेला असतो. त्याला उचलून अनोळखी रानात टाकले की तो भेदरतो, भटकतो, परतीची वाट शोधतो. आणि त्याची जागा मोकळी पडताच, ज्यांचे अजून कोठेच बस्तान बसलेले नाही असे तरुण बिबटे ती बळकावण्यासाठी येतात. आम्ही ज्याला ओळखत होतो तो गेला, आणि ज्याला आम्ही ओळखत नाही व जो आम्हांला ओळखत नाही असा दारी आला, एवढीच पिंजऱ्याची फलश्रुती.

कायदाही हे जाणतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत बिबट्याचा समावेश आहे, आणि मानवी जीवितास तो धोकादायक झाला आहे, किंवा बरा होण्यापलीकडे जायबंदी वा आजारी आहे, अशी मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री पटून त्यांनी कारणे लेखी नोंदवल्याखेरीज त्याच्या शिकारीचा परवाना देता येत नाही. जो बिबट्या खरोखर माणसांवर सोकावला आहे, त्याला दूर केलेच पाहिजे. याविषयी माझ्या मनात यत्किंचितही संदेह नाही. परंतु कॅमेऱ्यात दिसणे हा गुन्हा नव्हे.

त्या पुढच्या शनिवारची गोष्ट. शिकार ऐन भरात आली होती. श्वापद डोंगराकडच्या एका गावातून कोकरे उचलून नेत होते आणि गावकऱ्यांनी शिलेदारांकडे फिर्याद आणली होती. पाचांतील एका मुलाचा शिलेदार शूर खरा, पण उतावळा. त्याच्या अविचारापुढे १५ चा आकडा आहे. धनगरांना न विचारता, वाट न पाहता, तो रात्रीच एकटा घोड्यावर बसून निघाला आणि दलदलीत घोड्यासकट रुतला. घोडा गेला, स्वार अंथरुणाला खिळला. उरलेल्यांनी मात्र दोन शनिवार, म्हणजे खऱ्या आयुष्यातील दहा तास, केवळ विचारपूस करण्यात घालवले होते: कोणत्या झऱ्यावर पायखुणा दिसतात, कुत्री कोणत्या प्रहरी भुंकतात, कोकरे कुंपणाच्या कोणत्या बाजूने गेली. अखेर पहाटेच्या सुमारास श्वापद त्यांना झऱ्यावर गवसले. ते पाणी पीत होते, आणि त्यामुळे त्याचे पोट शांत होते. भाला माझ्या पुतणीच्या हाती होता.

"आता दयेचा फासा टाक," सूत्रधार म्हणाला.

तेराच्या आत आला तर दया जिंकणार. फासा टेबलावरून घरंगळत मिठाच्या बरणीला लागून थांबला. नऊ.

"आत्या, भाला खाली गेला गं," पुतणी माझ्याकडे वळून म्हणाली. तिचा आवाज कापरा झाला होता.

श्वापद पोटभर पाणी पिऊन निघून गेले आणि हाती आलेली कीर्ती हातची गेली. टेबलावर मोठा वाद माजला. त्या वादात, दलदलीत घोडा गमावलेल्या मुलाने जो प्रश्न विचारला तो मला सर्वांत मोलाचा वाटला. "हिने दया केली ते ठीक," तो म्हणाला, "पण कोकरं गावाची जातायत. हिच्या दयेची किंमत गावाने का द्यायची?" याचे उत्तर कोणालाच देता येईना. शेवटी सूत्रधाराने निवाडा केला: ज्यांनी भाला खाली केला त्यांनी त्या हिवाळ्यात आपापल्या गढ्यांवर परतायचे नाही; गावातच राहायचे, कोंडवाड्याची कुंपणे स्वतः बांधायची, रात्रीची गस्त घालायची, आणि माग सोडायचा नाही.

त्या मुलाचा प्रश्न घेऊन मी घरी आले, आणि आठवडाभर तो माझ्यापाशी होता. कारण बोरिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरून बिबट्यावर दया करणे सोपे आहे, आणि त्याच मजल्यावरून पिंजरा मागणेही सोपे आहे. दोहोंची किंमत आम्ही देत नाही. ती देतात उद्यानाला लागून असलेल्या आरे वसाहतीतील आणि उद्यानातील पाड्यांवर राहणारी माणसे. जेथे घरात शौचालय नाही आणि वाटेवर दिवा नाही, तेथे अंधारात उघड्यावर बसावे लागते, आणि खाली वाकून बसलेल्या माणसाची आकृती बिबट्याला लहान जनावरासारखी भासते. २०२१ च्या सप्टेंबरात आरेत एका वयस्क स्त्रीने चालताना आधाराला घेतलेल्या काठीने अंगावर आलेल्या बिबट्याला परतवून लावले. आर्थर राजाच्या गोलमेजीभोवती बसलेल्या कोणत्याही शिलेदाराहून ती मला कमी शूर वाटत नाही. परंतु २०२२ च्या दिवाळीत त्याच आरेत जे दीड वर्षाचे मूल बिबट्याने नेले, त्याच्या घरच्यांना शौर्याच्या गोष्टी सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्या शहराला बिबटे हवे आहेत, आणि मला ते मनापासून हवे आहेत, त्या शहराने प्रथम पाड्यापाड्यावर शौचालय आणि दिवा पोहोचवला पाहिजे. गावातच हिवाळा काढण्याचा जो निवाडा सूत्रधाराने दिला, त्याचा आमच्यापुरता अर्थ मी असा लावते.

आणि पाड्यांवरची माणसे याविषयी आमच्याहून अधिक जाणतात. वारली आणि महादेव कोळी यांचा वाघोबा हा देव वाघ आणि बिबट्या दोघांचाही. दगडावर किंवा लाकडी फळीवर कोरलेली, शेंदूर माखलेली वाघाची आकृती, वर सूर्य-चंद्र, आणि आश्विन वद्य द्वादशीच्या सुमारास येणारी वाघबारस. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे व पालघर या पट्ट्यातील वाघोबाच्या दीडशे ठाण्यांची नोंद केलेली आहे. या श्रद्धेला भोळेपणा समजून सोडून देणाऱ्यांनी तिचा आशय नीट पाहावा. वाघोबाशी जो आहे तो कौल आहे: आम्ही तुझी पूजा चुकवणार नाही, तुझी हद्द ओळखू, तू आमच्या वाटेस जाऊ नकोस. करार मोडला तर उपद्रव होतो, आणि मोडणारा पक्ष माणूसही असू शकतो, ही कबुली त्यात आधीपासूनच आहे. आमच्या सभेत लिहिलेल्या अर्जात अशी कबुली एका ओळीतही नव्हती. सारा दोष 'सदर जनावरा'चा होता.

गर्दीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. २०१७ च्या डिसेंबरात अंधेरी पूर्वेला एका बालवाडीच्या इमारतीत बिबट्या शिरला, आणि २०१८ च्या जानेवारीत मुलुंड पूर्वेच्या नानेपाड्यात वस्तीत आलेल्या बिबट्याने सहाजणांना जखमी केले. अशा वेळी भेदरलेल्या जनावराला सर्वांत प्रथम हवी असते शांतता आणि पळून जाण्याची मोकळी वाट. आणि त्याला मिळतात ते गच्च्यांवरून, गाड्यांच्या टपांवरून मोबाइल उंचावून ओरडणारे शेकडो लोक. वनखात्याच्या पथकाचा निम्मा वेळ आणि जीव बिबट्यापेक्षा माणसांच्या बंदोबस्तात जातो. शिकारीचा हाका घालायची आपली जुनी सवय अजून गेलेली नाही; फक्त ढोलाच्या जागी मोबाइल आला.

तरीही याच शहराने दुसरी वाटही चालून पाहिली आहे, आणि ती फळली आहे. उद्यानाचे तत्कालीन संचालक सुनील लिमये यांच्या पुढाकाराने आणि विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांच्या साह्याने २०११ साली 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी म्हणजे हेच उद्यान) हा उपक्रम सुरू झाला. सोसायट्यांत, पाड्यांवर, पोलीस ठाण्यांत, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत जाऊन या मंडळींनी एकच गोष्ट पुनःपुन्हा समजावली की बिबट्याला पकडण्याआधी आपला कचरा उचला. वन्यजीव अभ्यासक निकित सुर्वे यांनी २०१५ साली केलेल्या कॅमेऱ्यांच्या पाहणीत उद्यान आणि परिसरात ३५ बिबटे आढळले. २०१८ मध्ये ४७. प्रत्येकाच्या अंगावरील ठिपक्यांची ठेवण निराळी, म्हणून प्रत्येकाची ओळख निराळी. २०२१ च्या फेब्रुवारीत सावित्री नावाच्या मादीच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधण्यात आली, आणि पुढे महाराजा नावाचा नर रेल्वेचे रूळ ओलांडून तुंगारेश्वरच्या अभयारण्यापर्यंत पोहोचल्याचे याच साधनाने कळले. रात्रभर झाडाला कॅमेरा बांधून ठेवणारा, विष्ठेतील केस तपासून काय खाल्ले ते ओळखणारा, महिनोन्महिने एकाच जनावराच्या मागावर राहणारा आणि त्याला कधीही न मारणारा हा जो तरुण संशोधकांचा वर्ग आमच्या शेजारी काम करतो आहे, त्यांना पेलिनोरचे वंशज म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. टी. एच. व्हाइट यांच्या १९३८ च्या कादंबरीत पेलिनोर मऊ बिछान्याच्या मोहाने शिकार सोडून देतो, तेव्हा कोणी माग काढीत नाही या दुःखाने ते श्वापद झुरणीला लागते. तो त्याला बर्फातून उचलून आणतो, बरे करतो, आणि मग पुन्हा त्याच्या मागे निघतो. एखाद्या जनावराचा माग काढणे म्हणजे त्याच्या असण्याची रोज दखल घेणे, हे त्या प्रसंगाने जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही अहवालाने होत नाही. ज्याची दखल कोणी घेत नाही ते रानातून नाहीसे होते. १९२९ साली विहार तलावाच्या परिसरात वाघ मारला गेल्याची नोंद आहे. त्यानंतर साष्टीच्या बेटावर वाघ राहिला नाही, आणि आज बोरिवलीच्या गाडीतून उतरणाऱ्या लाखो माणसांपैकी त्याची उणीव जाणवणारे किती असतील!

सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे रान, त्यात तुळशी आणि विहारचे पाणी, कान्हेरीची लेणी, पाड्यांवरची माणसे आणि ठिपक्याठिपक्यांनी ओळखता येणारे हे बिबटे, असा वारसा ज्याच्या दारी आहे असे महानगर जगात शोधूनही फारसे सापडणार नाही. त्याच्या शेजारी राहावयाचे तर शेजारधर्माची कामे नित्याची आहेत, आणि ती कंटाळवाणी आहेत, हे मी मान्य करते. डबा झाकणे, दिवा लावणे, कुत्र्यांची नसबंदी वेळेवर होते की नाही ते पाहणे, मुलांना सांजवेळी एकटे न सोडणे: यांत कीर्ती नाही. खेळातल्या हिवाळ्यातही कीर्ती नसते. तरी तेराचा आकडा हिवाळ्यातच लिहिला जातो.

काल शनिवार होता. खेळ सुरू होण्यापूर्वी मुलांनी फासे बाजूला ठेवले आणि आम्ही मिळून नवा अर्ज लिहिला. मागील अर्जावरील माझी सही मी मागे घेत आहे, हे पहिले वाक्य. कचऱ्याची गाडी सकाळऐवजी सायंकाळी सहाच्या आत यावी, म्हणजे डबे रात्रभर भरलेले राहणार नाहीत. मागच्या गल्लीतील बंद पडलेले तीन दिवे दुरुस्त व्हावेत. इमारतीभोवतीच्या कुत्र्यांच्या नसबंदीची तारीख कळवावी. वॉचमनला रात्री बसण्यासाठी भिंतीपासून दूर, उजेडात चौकी मिळावी. आणि भिंतीपलीकडच्या पाड्यासाठी मंजूर झाले आहे असे दोन वर्षांपूर्वी सांगण्यात आलेले शौचालय कोठवर आले याची माहिती द्यावी. शेवटची मागणी घोडा गमावलेल्या मुलाने घातली. अर्जावर सध्या सहा सह्या आहेत. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नये म्हणून पुतणीने त्यावर वीस बाजूंचा फासा ठेवला आहे, आणि सोमवारी तो घेऊन आम्ही दोघी विभाग कार्यालयात जाणार आहोत.